तुळजा लेण्याचं छत

आमच्या भागात पाहुण्याला हैराण करायचं असेल तर त्याच्याशी भांडायची गरज नाही. त्याचा सत्कार करायचा. डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ, आणि मग चौघांनी उठून दोन-दोन शब्द बोलायचे. हे दोन शब्द अर्ध्या तासाच्या आत कधी संपलेले मी पाहिलेले नाहीत. हे मी चेष्टेनं म्हणत नाही, मनापासून चिडून म्हणतेय.

नव्वदच्या दशकात लग्न होऊन मी वारूळवाडीत आले आणि नारायणगावच्या शाळेत इतिहास शिकवायला लागले. जुन्नरच्या चारी बाजूंच्या डोंगरांत बौद्ध लेणी आहेत, दोन हजार वर्षांची, पण तेव्हा लोकांना ठाऊक ती फक्त लेण्याद्रीची, आणि तीही तिथे गणपती बसलाय म्हणून. मला मात्र लेण्यांचं वेडच लागलं. रविवारी कुणी पुण्याहून आलं की मी त्यांना घेऊन डोंगर चढायची. सासूबाई म्हणायच्या, "घरच्या भाकऱ्या सोडून दगडं दाखवत फिरती." पण डबा त्याच भरून द्यायच्या.

ही गोष्ट पुढची, दोन हजार सालानंतरची. उसातल्या बिबट्यांनी तालुक्याची झोप उडवली होती ते दिवस. पुण्यात माझ्या ओळखीच्या एक प्राध्यापिका होत्या. त्यांचा फोन आला. श्रीलंकेहून यात्रेकरूंचा एक गट आलाय, त्यात एक निवृत्त शिक्षक आहेत, सत्तरी ओलांडलेले. त्यांना फक्त तुळजा लेणं बघायचंय. एकच दिवस आहे, दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांची गाडी सुटते. "दाखवशील ना?" म्हणाल्या. मी म्हटलं, हे काय विचारणं झालं!

त्या शिक्षकांना नारायणगावच्या स्टँडवर उतरवून घेतलं. बारीक अंगकाठी, पांढरा सदरा, हातात छत्री. पौषातल्या थंडीत छत्री! इंग्रजी सावकाश बोलायचे, एकेक शब्द ठेवल्यासारखा. स्टँडवरच चहा पिताना त्यांनी मला सांगितलं, तुळजाच का ते. त्यांच्या गावाजवळ एक जुना स्तूप आहे. भोवती दगडी खांबांचं गोल कडं. खांब उभे आहेत, पण वरचं छत लाकडाचं होतं, ते केव्हाच गेलं. आयुष्यभर ते पोरांना तिथे घेऊन जायचे आणि पोरं विचारायची, "गुरुजी, वर काय होतं?" हे हाताने हवेत घुमट काढून दाखवायचे. मग कुठल्याशा पुस्तकात त्यांनी तुळजाच्या गोल चैत्याचा नकाशा पाहिला. तसाच स्तूप, तसंच खांबांचं कडं, आणि वर छत, डोंगरातच कोरलेलं, म्हणून शाबूत.

"मला ते छत बघायचंय," ते म्हणाले. "खाली उभं राहून वर बघायचंय. बस."

मला गलबलून आलं. शिक्षकाची तहान शिक्षकालाच कळते. मी मनात म्हटलं, काही झालं तरी हे छत यांना दाखवायचंच.

जीप आमच्या यांच्या मित्राची. एरवी नारायणगाव-जुन्नर सीटा भरून वडाप करायचा, पण माझ्या पाहुण्यांसाठी गाडी मोकळी घेऊन यायचा आणि भाड्याचं नाव काढलं की रुसायचा. माणूस सोन्यासारखा. म्हणूनच त्याला काही बोलता यायचं नाही, आणि हीच खरी पंचाईत. मी म्हटलं, "भाऊ, सरळ तुळजाला घ्या. जुन्नर ओलांडलं की पोचलोच."

"आधी गणपती, बाई," तो म्हणाला. "परमुलकातलं पावणं. गणपतीला न भेटवता कुठं दुसरीकडं न्यायचं? तुमी बी काय राव!"

म्हटलं, ठीक आहे, तिथेही चैत्य आहेच. लेण्याद्रीच्या पायऱ्या गुरुजी गुडघ्यावर हात ठेवत चढले. गणपतीला हात जोडले, शेजारच्या लेण्यात स्तूपासमोर शांत बसले. मला बरं वाटलं. पण खाली उतरलो तर पायथ्याच्या दुकानदारांनी चहा मांडून ठेवलेला. "श्रीलंकेचं पावणं" ही बातमी आमच्या आधी खाली उतरली होती. "म्हंजे रावणाच्या गावचं का?" एकानं विचारलं. मी काय भाषांतर करणार, कपाळ! पहिली टोपी आणि पहिला टॉवेल तिथेच चढला.

तेवढ्यात जीपवाल्या भाऊचा मोबाइल वाजला. तेव्हा नवीनच घेतलेला होता, त्यामुळे तो त्यात ओरडूनच बोलायचा. त्याच्या मेहुण्याच्या उसात, डिंगोऱ्याला, वनखात्याच्या पिंजऱ्यात बिबट्या सापडला होता. झालं! "पावण्यांचं नशीबच लई भारी! वाघ बघितल्याशिवाय सोडत न्हाई आता."

मी म्हटलं, "भाऊ, त्यांना वाघ नाही बघायचा. तुळजा एकीकडे, डिंगोरे भलतीकडेच."

"आवं, पंधरा मिनटं."

मी गुरुजींना सांगितलं, नको म्हणा, तुम्ही म्हणालात तर ऐकतील. ते हसले. "आमच्या बेटावरही बिबटे आहेत," म्हणाले. "यांना एवढा आनंद झालाय, तर बघू." या भल्या माणसांचं हेच वाईट असतं. त्यांना नाही म्हणता येत नाही.

डिंगोऱ्याला जत्राच भरली होती. पोरं पिंजऱ्यावर काठ्या आपटत होती, कुणी मोबाइलची रिंग वाजवून दाखवत होतं, कुणी केळं टाकत होतं. बिबट्याला केळं! तो बिचारा कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, गजांवर डोकं आपटून नाकातून रक्त आलेलं. गुरुजी जवळ गेले आणि ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प राहायची खूण केली, वर्गात करतात तशी. लोक हसले. दोघांनी तशीच बोटं ओठांवर ठेवून त्यांची नक्कल केली. मग पुन्हा काठ्या सुरू. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी दोन पोरांच्या हातातल्या काठ्या हिसकावून उसात भिरकावल्या, तर त्यांचा बाप म्हणतो, "बाई, शाळा आज बंद हाय!"

निघू म्हटलं तर मेहुण्याच्या घरी मासवडीचा घाट घातलेला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, नाव मासवडी असलं तरी त्यात मांस नाही की मासा नाही. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण, आणि वर झणझणीत रस्सा. खायला स्वर्ग, करायला दुपार जाते. आम्ही पोचलो तेव्हा त्या घरची माऊली तीळ भाजत होती. नुसते तीळ! मी स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, "वहिनी, भाकरी आणि चटणी द्या, आम्हाला उशीर होतोय." तिनं कानाला हात लावले. "पावण्याला चटणी-भाकरी? लोकं शेण घालतील तोंडात." मग मीच पदर खोचून बेसन ढवळायला बसले, तेवढीच लवकर उरकतील म्हणून. आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात. आमच्या विठोबाचा नंबरच येईना.

गुरुजी ओसरीवर बसून सारखे घड्याळाकडे बघायचे, आणि मी पाहते आहे असं दिसलं की बाही खाली ओढायचे. रश्श्यानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी ताट स्वच्छ केलं. टोपी, टॉवेल, नारळ. निघालो.

तुळजाच्या डोंगराखालच्या गावात शिरलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं, पण होतं. मी हिशेब केला, आत्ता चढलो तर उजेड पुरेल. त्या लेण्याची दर्शनी बाजू कोसळलेली आहे, म्हणून संध्याकाळचा उजेड आत स्तूपापर्यंत येतो आणि छताची गोलाई नीट दिसते. मी गुरुजींना बोट करून दाखवलं, "ते बघा, तिथे." ते जीपमधून उतरून उभेच राहिले. छत्री काखेत, मान वर. चालायलाही लागले.

आणि स्पीकर ओरडला, "हॅलो, हॅलो! पाहुण्यांचं आगमन झालेलं आहे!"

आमच्या भाऊंनी फोन करून ठेवला होता. देवळापुढे सतरंजी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, हार, सगळं तय्यार. तालुक्याचे एक पुढारी मुद्दाम यायला निघाले होते. "निघालेत, पोचतीलच." मी सरपंचांना म्हटलं, "आधी लेणं बघून येतो, मग हवा तेवढा सत्कार करा."

"लेणं काय पळून चाललंय का, बाई? दोन हजार वर्सं हाय तिथंच हाय."

"ते नाही पळत, दिवस पळतोय!"

पण पालथ्या घड्यावर पाणी. गुरुजींना मधल्या खुर्चीत बसवलं. खुर्ची अशी मांडलेली, की डोंगर त्यांच्या पाठीमागे. ते मान वळवून बघायला गेले की फोटोवाला म्हणायचा, "सर, हिकडं, हिकडं!" शेवटी मी सरळ त्यांचा हात धरून उठवलं. तर एक वयस्कर गृहस्थ पुढे आले आणि म्हणाले, "मास्तरीणबाई, गावाचा अपमान करताय व्हय?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. गुरुजींना भाषा कळली नाही, आवाज कळला. त्यांनी माझा हात हळूच सोडवला. "यांनी खूप तयारी केलीय," म्हणाले, आणि परत बसले.

पुढारी आले तेव्हा डोंगरावर फक्त कड्याच्या टोकाला ऊन होतं. ते बोलले. श्रीलंका, भारत, शिवनेरी, उसाचा भाव, येणारी निवडणूक. आणि बोलता बोलता म्हणाले, "आज या थोर पाहुण्यांनी आपलं तुळजा लेणं पाहिलं, त्यांच्या डोळ्यांचं पारणं फिटलं!" टाळ्या पडल्या. मला रडायला येत होतं, रागानं.

मग गुरुजींना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते खरंच दोन शब्द बोलले, आणि मी एकही शब्द इकडचा तिकडे न करता मराठीत सांगितले. "तुम्ही मला जेवू घातलंत, मान दिलात, हे मी विसरणार नाही. मी एक छत बघायला आलो होतो. ते माझ्या मागच्या डोंगरात आहे, असं बाईंनी सांगितलंय. ते बघायला मिळालं असतं, तर फार बरं झालं असतं."

मग सरपंच माझ्याकडे वळून म्हणाले, "आँ? बघितलंच न्हाई अजून? मग आधी सांगायचं ना, बाई!"

आधी सांगायचं ना! सकाळपासून माझी जीभ झिजली होती, आणि वर हे.

मग वरातीमागून घोडी दौडली. कुणी बॅटऱ्या आणल्या, कुणी ट्रॅक्टर काढायला निघालं, दोघं तर गुरुजींना पाटावर बसवून उचलून नेतो म्हणाले. जीव टाकत होते बिचारे, अगदी खऱ्या मनानं. पण वनखात्याचा माणूस तिथेच होता. तो म्हणाला, "अंधारात कुणालाबी वर सोडणार न्हाई. परवाच वरच्या वस्तीवरनं बिबट्यानं कालवड नेली." आणि त्याचं बरोबर होतं. इकडे पुण्याची शेवटची गाडी गाठायची होती.

नारायणगावच्या स्टँडवर जीपभर माणसं पोचवायला आली. नारळांची पिशवी कंडक्टरनं सीटखाली सरकवली. गुरुजी खिडकीशी बसले. मी खाली उभी राहून म्हटलं, "मला माफ करा. पुढच्या खेपेला आपण आधी..." ते नुसते हसले. पुढची खेप नाही, हे त्यांना कळत होतं आणि मलाही. मग खिडकीतून वाकून त्यांनी विचारलं, "डोंगर इथून कुठल्या दिशेला?"

मी बोट दाखवलं. रसवंतीच्या दिव्यांच्या वर, त्या अंधारात, तिकडे.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, त्या दिशेला वळले, आणि दोन्ही हात जोडून डोळे मिटले. बस हलली तरी हात तसेच.

रसवंतीपुढे आमची सगळी मंडळी उभी होती. "बगा बगा, पावणं कसं हात जोडत्यात!" आमचे भाऊ गहिवरून म्हणाले, आणि सगळ्यांनी हसत हसत, हात जोडून त्यांना उलट नमस्कार केला.