बनाचा कागद

माझे थोरले भाऊ माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. त्यांना अण्णा म्हणणारा आधी मी एकटाच होतो. बनासाठी भांडण झालं त्या साली सगळं गाव त्यांना अण्णा म्हणू लागलं आणि तिथून माझं दुखणं सुरू झालं.

आमचं गाव जळकोटपासून दोन कोसांवर, कानडी मुलखाच्या शिवेला. वरच्या अंगाला माळ आणि माळाच्या पोटात बन. लिंब, आपटा, हिवर आणि ओढ्याच्या काठानं चिंचा. उन्हाळ्यात सगळ्या गावाची जनावरं तिथंच सावलीला थांबायची. अण्णांनी तिसरीतून शाळा सोडली, ती गुरांमागं. मी मात्र उर्दू शिकलो, परीक्षा पास झालो आणि तुळजापूरला तहसिलीच्या पायरीवर लोकांचे अर्ज लिहून देणारा अर्जनवीस म्हणून बसू लागलो. वडील आल्यागेल्याला सांगायचे, "आमचा धाकटा लई शिकलाय." पुढं निजामाचं राज्य गेलं, कचेरीत मराठी आली आणि माझी उर्दू बघता बघता जुनी झाली. तरी वडिलांचं ते वाक्य काही बदललं नव्हतं.

जिल्हा मुंबई राज्यात गेल्याला वर्ष झालं असेल. एका बाहेरगावच्या ठेकेदारानं आमच्या बनाच्या तोडीचा परवाना मिळवल्याचं मला कचेरीत कळलं. आधी कोळशाच्या भट्ट्या लावायच्या, रान मोकळं झालं की दगडाची खाण काढायची, असा त्याचा बेत. अर्जात त्यानं जमीन 'पडीक' म्हणून दाखवली होती.

ती बातमी गावात मी आणली. चावडीपुढं लोक मी गोळा केले. निवेदन, शिष्टमंडळ, हरकत असे शब्द घालून मी बराच वेळ बोललो. दोघं-तिघं जांभया देत होते. मग मागून अण्णा उठले.

"उद्यापासनं घरटी एक माणूस बनात बसायचं," ते म्हणाले. "दिस उगवल्यापासनं मावळंपातुर. कुणी कुऱ्हाड घिऊन आलं तर अंगाला हात लावायचा न्हाय, शिवी द्यायची न्हाय. झाडाम्होरं बसून ऱ्हायचं. बास."

एवढंच बोलले आणि लोक उठून कुणाचा वार कोणता ते ठरवायला लागले. माझ्या हातातला कागद हातातच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून पाळ्या सुरू झाल्या. लिंगायत गल्लीतल्या बायकांशी अण्णा कानडीत बोलायचे, त्यामुळं त्याही भाकऱ्या बांधून येऊ लागल्या. शेजारच्या दोन गावांतली माणसं बघायला आली आणि परत जाताना आपलाही एक वार धरून गेली. ज्या वडिलांनी मला कधी शेतात पाऊल टाकू दिलं नाही, ते अण्णांची भाकरी घेऊन भर उन्हात माळ चढायचे. आता घरी कुणी आलं की म्हणायचे, "थोरला बनात हाय." धाकट्याचं नावही निघत नसे.

अर्ज मीच लिहीत होतो. एकदा मोठ्या मेहनतीनं वळणदार अक्षरात एक अर्ज लिहिला आणि गावच्या सह्या-अंगठे घ्यायला बनात नेला. पहिला अंगठा अण्णांचा. एका म्हातारीनं कागद हातात घेतला, उन्हाला धरला आणि म्हणाली, "अण्णाचा अंगठा किती ग्वाड उठलाय बगा." माझ्या दोन पानांवर त्या अंगठ्याएवढी नजर कुणाची पडली नाही. मी हसलो. पण वाटेत एका ढेकळाला अशी लाथ मारली की आठ दिवस लंगडत होतो.

पुढं कचेरीच्या जुन्या दफ्तरात मला एक कागद सापडला. निजामाच्या वेळचा, उर्दूतला. हे रान गावाच्या गुरांच्या चराईसाठी कायमचं राखून ठेवलं आहे, इथं झाडतोड मना आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी त्याची सही-शिक्क्याची नक्कल घेतली. ती घेऊन मी तडक बनात जायला हवं होतं.

मी घरी गेलो आणि नक्कल माझ्या लोखंडी पेटीत, धोतराखाली ठेवली. म्हटलं, आधी मला येऊन विचारू देत. अण्णांचं बसणं कुठवर पुरतंय ते दिसू दे. सगळे थकले, हरले, की मी उठेन, कागद काढेन आणि उर्दू मोठ्यानं वाचून दाखवीन. रोज सकाळी पेटी उघडून मी कागद बघायचो आणि झाकण लावायचो. असे वीस दिवस गेले.

विसाव्या दिवशी बाजार होता. गाव बाजाराला गेलेलं. नेमकी तीच वेळ साधून ठेकेदाराची माणसं वरच्या अंगानं बनात शिरली. मला तुळजापुरात दुपारी कळलं. मिळेल त्या एस्टीनं जळकोटला उतरलो आणि पळत सुटलो. पोचेपर्यंत दिवस कलला होता. माथ्यावरची लिंबाची रांग आडवी झाली होती, नऊ झाडं. खाली चिंचेपुढं अण्णा चार बायकांसोबत बसले होते. आधी माथ्याकडं धावले तेव्हा पडत्या फांदीनं त्यांचा दंड सोलून निघाला होता. या पाच जणांना ओलांडून पुढं जायला मजूर तयार झाले नव्हते आणि गाव परत येताना दिसल्यावर निघून गेले होते.

अण्णांनी मला जवळ बोलवलं. "का रं, तू तितं कचेरीत असतूस. आपल्या बाजूनं एखांदा कागद न्हाय का कुठं?"

"शोधतो अण्णा," मी म्हणालो.

चार दिवसांनी तहसीलदारसाहेबांपुढं आमच्या हरकतीची सुनावणी झाली. सगळं गाव आलं होतं. मी उठलो, नक्कल पुढं ठेवली आणि ठरवल्याप्रमाणे उर्दू मोठ्यानं वाचली, मग मराठीत सांगितली. लोकांत कुजबूज उठली. वडील मान उंच करून माझ्याकडं बघत होते. ज्यासाठी एवढा जळत होतो ते माझ्या पदरात पडत होतं.

साहेबांनी कागद उलटून शिक्का बघितला. "नक्कल तर तीन आठवड्यांमागं काढलेली दिसते. झाडं पडायच्या आधीच का दाखवली नाहीत?"

मी हातातले कागद चाळू लागलो. तेवढ्यात मागून अण्णा बोलले, "माज्यापशी हुती साहेब. धाकट्यानं आनून दिलती. मला वाचता येत न्हाय, माज्या पेटीत ऱ्हायली. चूक माजी."

परवाना रद्द झाला. बन गायरान म्हणून नोंदलं गेलं. बाहेर आल्यावर लोक माझ्याभोवती जमले, आणि त्या कानडी बायका अण्णांना म्हणत होत्या, "आधी सांगायचं की ओ अण्णा, नऊ झाडं गेली." अण्णा मान खाली घालून ऐकून घेत होते. मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. वाटली, पण नंतर. आधी वाटला तो हेवाच. असं उठून दुसऱ्याचं पाप अंगावर घेणं मला जन्मात जमणार नव्हतं, आणि त्यांना ते सहज जमलं होतं.

महिनाभरानं मी वडिलांना सगळं सांगून टाकलं. ते सुपारी कातरत होते. वर न बघता म्हणाले, "म्हाईत हाय मला. थोरल्याकडं पेटी कुठाय?"

अण्णांशी मी त्याबद्दल बोललो नाही, त्यांनीही विषय काढला नाही. तोडलेल्या लिंबांचे बुंधे पावसात फुटले, तेव्हा गुरांपासून धुमारे राखायला माणूस हवं होतं. मी रविवार धरला आणि दोन वर्षं एकही चुकवला नाही.

पुढं बनाची समिती झाली. लोकांनी अण्णांना पुढारी व्हा म्हटलं. त्यांनी मला पुढं केलं आणि मी नाही म्हणालो नाही. कागदावर सही माझी असायची. पण कुठली फांदी छाटायची, चराई कधी खुली करायची, हे विचारायला निघालेली माणसं माझ्या दारावरून पुढं अण्णांच्या गोठ्याकडं जायची. जाताना मला रामराम घालायची. मीही घालायचो, आणि ती वळणाआड जाईपर्यंत त्यांच्याकडं बघत बसायचो.