एकोणीस दिवसांचे शाखाप्रमुख

"किती दिवस?"

ओसाकाच्या शाखेत मुंबईहून कुणीही बदलून आलं, की ते आधी हे विचारत. गाव, आडनाव, मासे चालतात का, हे सगळं नंतर. समोरचा "तीन वर्षं" म्हणाला, की समाधानाने मान हलवत. "पुष्कळ झाले. तेरा दिवसांचेही पोप होऊन गेलेत."

ते वसईचे, घरी मराठी बोलणारे कॅथलिक. आमच्या व्यापारी कंपनीत वीस वर्षं ओसाकालाच होते. लोकांना मोठमोठ्या राजवटी पाठ असतात, यांना सगळ्यात छोट्या. पोपांना ते नावाने नव्हे, दिवसांनी ओळखत. डबा उघडला की सुरू. "तेरा दिवसवाले निवडून आले आणि लगेच तापाने आडवे झाले. पण आपली मालमत्ता गरीब मुलींच्या लग्नांसाठी ठेवून गेले. अंथरुणातून माणूस आणखी काय करणार?"

तेहतीस दिवसांचे पोप वारले तेव्हा ते कॉलेजात होते. आधीच्या पोपांना जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. चर्चची घंटा वाजली, कुणीतरी येऊन सांगितलं, पोप गेले. यांचे वडील वैतागले, "अरे, मागेच गेले ना ते! शिळी बातमी काय सांगतोस?" हे सांगताना ते स्वतःच इतके हसत, की डबा तसाच राहायचा.

आमची ओळख २०११च्या मोठ्या भूकंपानंतरची. मी तेव्हा टोकियो ऑफिसात, राहायला हिगाशी-कसाईत. रोज हादरे, त्यात अणुभट्टीच्या बातम्या. चार वर्षांच्या मुलीला घेऊन ओसाका गाठायचं आम्ही ठरवलं. इमारतीतली आणखी चार मराठी कुटुंबं "आम्हीही येतो" म्हणाली. ती आमच्या कंपनीची नव्हती. ओसाकाचे शाखाप्रमुख साहेब सहकुटुंब मुंबईला निघून गेले होते आणि मुंबईच्या मुख्य ऑफिसने या वसईकरांना फोनवर एवढंच सांगितलं होतं, "शाखाप्रमुख म्हणून तुम्ही सांभाळा."

मी त्यांना घाबरत फोन केला. "पाच कुटुंबं आहोत. त्यातली चार बाहेरची."

"या," ते म्हणाले.

डायरेक्टरांसाठी राखलेलं गेस्ट हाउस त्यांनी सही करून उघडून दिलं. सहीखाली लिहिलं, शाखाप्रमुख. आम्ही पोचलो तर फ्रिजवर मराठीत यादी चिकटवलेली, कोणता कचरा कोणत्या वारी. "घाबरायचं ते नंतर घाबरा. आधी प्लास्टिक वेगळं करा, नाहीतर शेजारच्या आजी मला झापतील."

एकोणीस दिवसांनी साहेब परतले. मग मुंबईहून विचारणा आली, बाहेरच्यांना परवानगी कुणी दिली? यांनी कळवलं, "शाखाप्रमुखांनी." मुंबईचं उत्तर आलं, लेखी आदेश नव्हता, तेव्हा त्या दिवसांत शाखेला प्रमुखच नव्हता. यांच्या फाइलीला ताकीद लागली.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. काम यांचं, खुर्ची दुसऱ्याची.

पुढे माझी बदली ओसाकाला झाली आणि शाखेच्या वर्धापनदिनाची पुस्तिका माझ्याकडे आली. आजवरच्या प्रमुखांच्या यादीत मी त्यांचं नाव घातलं, पुढे 'एकोणीस दिवस'. त्यांनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं. मुंबईहून प्रूफ परत आलं, तेव्हा ती ओळ खोडलेली होती.

"चालायचंच," ते म्हणाले. "एक पोप निवडून आले आणि तीन-चार दिवसांत, अभिषेकाआधीच गेले. त्यांचंही नाव यादीत होतं. मग काढलं."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं, आणि मी मुंबईशी भांडलो नाही याची लाजही वाटली. अजून वाटते.

निवृत्त होऊन ते वसईला गेले. मागच्या वर्षी ते वारल्याचा फोन आला. मुलगी टेबलावर अभ्यास करत होती. ती आता कॉलेजच्या तयारीला लागली आहे, आमच्याशी बहुतेक जपानीतच बोलते. मी म्हणालो, "ऑफिसातले वसईचे काका गेले गं."

तिने पेन खाली ठेवलं. "शितेन्चो-सान?"

शितेन्चो म्हणजे शाखाप्रमुख. त्यांच्यानंतर आमच्याकडे चार शितेन्चो होऊन गेले. नववर्षाच्या पार्टीत तिने प्रत्येकापुढे वाकून नमस्कार केला आहे, पण त्यांतल्या एकालाही ती घरी या नावाने ओळखत नाही.

"हो," मी म्हणालो. "शितेन्चो-सान गेले."