लेकीचा पासपोर्ट

माझ्या घटस्फोटानंतर लेक माझ्याकडे आली, पण तिचा पासपोर्ट माझ्या सासरीच राहिला, काष्टीला. तिचे वडील मस्कतला इलेक्ट्रिशियन होते. संसार नीट होता तेव्हा आम्ही दोघींनी तिकडे जायचं ठरलं होतं, म्हणून तो काढलेला. जाणं झालंच नाही. मी पारनेरला शाळेत शिकवायचे. लेक चौथीत होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकीला मस्कतला नेतो, असं तिच्या वडिलांनी कळवलं. ती हरखून गेली. विमानात खिडकी मिळते का, हे आळीभर विचारत सुटली. मी मात्र धास्तावले. पासपोर्ट त्यांच्या हाती. तिकडेच ठेवून घेतलं तर मी कुणाकडे दाद मागणार? नगरला वकीलबाईंना भेटले. त्यांनी समजावलं, जायला हरकत घेऊ नका, फक्त पासपोर्टाचा ताबा मागा. तसा अर्ज केला.

तारखेला त्यांच्या वतीने सासरे आले. बाप हाच पालक, पासपोर्ट त्याच्याकडेच हवा, असं त्यांच्या वकिलांनी मांडलं. न्यायाधीशांनी सासऱ्यांनाच विचारलं, तुमचं काय म्हणणं? त्यांनी पिशवीतून पासपोर्ट काढून समोर धरला.

"पोर आईपाशी ऱ्हाते, मग हे बी आईपाशीच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पन तिला बापाला भेटू द्या, सायब."

त्यांच्या वकिलांनी फाईल मिटली.

पासपोर्ट माझ्याकडे राहील, प्रवासापुरता वडिलांना द्यावा आणि मुलीला परत आणल्यावर त्यांनी तो मला द्यावा, असा हुकूम झाला. बाहेर आल्यावर मी सासऱ्यांच्या पाया पडले. नातीसाठी आणलेले शेंगदाण्याचे लाडू माझ्या हातात ठेवून ते स्टँडकडे गेले.

सुट्टीचा तो महिना मला फार जड गेला. शाळा उघडायच्या आधी तिचे वडील स्वतः तिला पारनेरला घेऊन आले. ती रापली होती, समुद्राबद्दल अखंड बोलत होती. मी मागायच्या आत त्यांनी पासपोर्ट टेबलावर ठेवला. मी चहा टाकला. बऱ्याच वर्षांनी आम्ही न भांडता बोललो, तेही तिच्या गणिताबद्दल.

पुढच्या वर्षी शेजाऱ्यांकडे त्यांचा फोन आला. वकिलांची गरजच पडली नाही. कधी न्यायचं, कधी आणायचं, ते आम्हीच ठरवलं. लेक माझ्या पदराला धरून उभी होती. मी "बरं" म्हणताच ती बॅग काढायला घरी पळाली.