सहावा प्रश्न

शेकवाली ताई म्हणजे इस्पितळाच्या तळघरातल्या फिजिओथेरपी विभागातली सगळ्यात जुनी बाई. खरं तर शेक देणं हे तिचं काम नव्हतंच. ती अल्ट्रासाउंडचं मशीन चालवायची. पण दुखऱ्या माणसाला काय, दुखण्यावरून जे फिरतं तो शेक. पहिली दोन वर्षं ती प्रत्येकाला समजावत बसायची, की अहो, हा शेक नव्हे, हा आवाज आहे. कानाला ऐकू येत नाही, पण कातडीखाली शिरतो, स्नायू सैलावतो, तिथलं रक्त जरा मोकळं खेळायला लागतं. मग तिचं तोंड दुखायला लागलं आणि तिने नाद सोडला. शेक तर शेक.

सव्वीस वर्षं झाली होती या गोष्टीला. पडद्यांनी पाडलेले सहा कप्पे, खिडकीचं नाव नाही, डोक्यावर ट्यूबलाइटची घरघर. रोजचे बावीस-चोवीस पेशंट, म्हणजे गुडघे, खांदे, टाचा आणि त्यांच्यामागून येणारी घरोघरची रडगाणी. मशीनचा दांडा गोल गोल फिरवून तिचं स्वतःचं मनगटच कामातून गेलं होतं, आणि त्याला शेक द्यायला कोणी नव्हतं. संध्याकाळी घरी गेल्यावर भरलेलं पातेलं उचलायचं म्हटलं तरी तिच्या जिवावर यायचं.

तरी दोन गोष्टी तिने कधी चुकवल्या नाहीत. सकाळी आल्या आल्या दांडा उलटा धरायचा, त्याच्या चपट्या तोंडावर पाण्याचे चार थेंब टाकायचे आणि बटण दाबायचं. थेंब थरथरून उडाले की मशीन धड आहे. आणि दुसरी गोष्ट म्हणजे आठ प्रश्न. ते कार्डावर छापलेले होते, पण तिला झोपेतही पाठ होते. छातीत पेसमेकर आहे का? दिवस गेलेत का? कुठे गाठ आहे का? सहावा सगळ्यात लांबलचक होता. गेल्या काही आठवड्यांत फार वेळ एका जागी बसून किंवा झोपून राहणं झालं का? लोक चिडायचे, हसायचे. एक सत्तरीचे आजोबा दिवस गेलेत का या प्रश्नावर म्हणाले होते, "अजून तरी नाही, पण तुमचं मशीन काय करेल सांगता येत नाही." ताई हसली नाही. त्या प्रश्नापुढे फुली मारून तिने पुढचा विचारला.

हे वळण तिला मोठ्या बाईंनी लावलं होतं. मोठ्या बाई म्हणजे तेव्हाच्या विभागप्रमुख, जिभेने तिखट आणि हाताने मऊ. त्या म्हणायच्या, "मानेच्या पुढच्या नाडीवर नेलंस तर हृदयाचे ठोके मंदावतील. पेसमेकरजवळ नेलंस तर त्याचा ताल बिघडेल. आणि बसून बसून पोटरीत रक्ताची गुठळी झालेली असताना वरून फिरवलंस, तर ती सुटून थेट फुफ्फुसात जाईल. मशीनला काही कळत नाही बाई. कळायचं ते तुला." मोठ्या बाई रिटायर होऊन गेल्या. प्रश्न मागे राहिले.

त्या बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत ताईने डब्याचं झाकण नुसतं उघडलं होतं, तेवढ्यात पडदा बाजूला सारून दादा आत आला. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, चार वर्षांनी मोठा. त्याने लग्न केलं नाही. छापखान्यातून निवृत्त झाला आणि आता आईजवळ राहायचा. आई दोन महिन्यांपूर्वी पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून अंथरुणाला खिळली होती. दोघांचं ठरलं होतं, की सोमवार ते शनिवार दादाने पाहायचं आणि रविवारी ताईने. पण गेले पाच रविवार ताई गेली नव्हती. एकदा मनगट सुजलं, एकदा बस बंद, आणि उरलेल्या तीन वेळा ती नुसती थकली होती. तिने फोन करून सांगितलं होतं. दादा दर वेळी एवढंच म्हणाला होता, "राहू दे, मी आहे."

"पोटरी फार दुखतेय गं," दादा कोचावर बसत म्हणाला. "शेजारच्या काकूंना आईजवळ बसवून आलोय. जरा तुझं ते मशीन फिरव, म्हणजे जातो."

ताईला वाटलं, आता रविवारांचा विषय निघणार. तिला नको होता तो. निदान आज, अर्ध्या तासाच्या सुट्टीत, रिकाम्या पोटी तर नकोच नको. तिने कार्ड काढलं नाही. आपल्या सख्ख्या भावाला काय प्रश्न विचारायचे? त्याची पत्रिका तिला तोंडपाठ. त्याला पेसमेकर नाही, गाठ नाही, काही नाही. तिने उजव्या पायाची पॅंट गुडघ्यापर्यंत सरकवली आणि पोटरीवर थंडगार जेल ओतलं. दुसरा पाय उघडून दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी बघायच्या असतात, टेप लावून मोजायच्या असतात. तेही तिने केलं नाही.

"आई विचारत होती, की..." दादाने सुरुवात केली.

"दादा, बोलू नकोस. पाय हलतो."

पाच मिनिटं दांडा फिरत राहिला. पोटरी हाताला कोमट लागली, तर ताईला वाटलं मशीनमुळेच लागत असेल. मशीन थांबलं तसा दादा उठला, "बरं वाटलं बघ," म्हणाला आणि किंचित लंगडत निघून गेला. ताईने दोन घास पोटात ढकलले आणि सुट्टी संपल्यावर पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

ती एक शाळामास्तरीण होती, टाचेच्या दुखण्याची. ताई कार्ड घेऊन नेहमीच्या सुरात विचारत गेली. पाच झाले. मग सहावा.

"फार वेळ एका जागी बसून..." ती म्हणाली आणि तिथेच थांबली.

"अहो, शाळेत कसलं बसणं? दिवसभर उभी असते मी," मास्तरीण सांगत होती. ताईला ऐकूच आलं नाही. एकच पोटरी. कोमट, गुठळी झाल्यावर लागते तशी. आणि मशीन लावायच्या आधीपासून कोमट. पहिल्यांदा हात लावला तेव्हाच तिला ते लागलं होतं. आता आठवत होतं, चांगलं आठवत होतं!

तिने आईच्या घरी फोन लावला. दहा वेळा वाजल्यावर दादाने उचलला. "काय गं? जिना चढून आलो आत्ताच. जरा दम लागलाय. छातीतही बारीक..."

"बस. आहेस तिथेच बस. एक पाऊल टाकू नकोस, दादा, तुला आईची शपथ!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की सहाही कप्प्यांत सामसूम झाली.

रुग्णवाहिका तिनेच पाठवली. चार वाजता दादाला तिच्याच इस्पितळात आणलं, तळघराच्या बरोबर वरच्या मजल्यावर. तिथल्या डॉक्टरने पायाची सोनोग्राफी केली. तोही आवाजच, फक्त हलका, नुसता बघणारा. पडद्यावर पोटरीतली काळपट शीर दिसत होती. दाबली तरी मिटत नव्हती, म्हणजे आत गुठळी होती. तुकडा सुटून फुफ्फुसापर्यंत गेलाही होता, पण लहान होता. रक्त पातळ करायचं औषध सुरू झालं.

"मी त्यावर अल्ट्रासाउंड दिलंय," ताई म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं. "आज दुपारी. पाच मिनिटं. काहीही न विचारता."

डॉक्टरने मान वर केली. "त्यानेच सुटली असं छातीठोकपणे नाही सांगता येणार. जिना चढल्यानेही सुटते, आपोआपही सुटते. तुम्ही फोन केलात म्हणून वाचले, हेही तितकंच खरं." मग त्याने पेन उघडलं. "गुठळी होण्यासारखं काय झालं होतं? लांबचा प्रवास? बसून राहणं? तुम्ही बहीण ना, हिस्टरी सांगा."

ताईला ती ठाऊक नव्हती. सव्वीस वर्षं परक्यांच्या पोटऱ्यांची हिस्टरी लिहिणाऱ्या बाईला सख्ख्या भावाची सांगता येईना. तिला स्वतःची लाज वाटली. ती खाटेजवळ गेली आणि वाकून म्हणाली, "दादा, गेल्या काही आठवड्यांत फार वेळ एका जागी बसून राहणं झालं का?"

दादाच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग छताकडे.

"आईजवळच्या खुर्चीत," तो म्हणाला. "हात सोडत नाही ती. सोडवला की रडते. सकाळी सात ते रात्री डोळा लागेपर्यंत."

"रोज?"

"रोज."

"रविवारी?"

दादाने नाकावरची नळी नीट बसवली. डॉक्टरने लिहून घेतलं.

अंधार पडायच्या बेताला ताई आईकडे पोचली. काकू घाईघाईने आपल्या घरी गेल्या. आईच्या खाटेजवळ लाकडी खुर्ची होती. तिच्या बैठकीत दादाच्या वजनाने खोलगट झालेली उशी होती. ताई तिच्यात बसली. आईने डोळे न उघडता चाचपडून तिचा हात धरला. मनगटातून कळ गेली, पण तिने हात काढून घेतला नाही.

"रविवार आला का गं?" आईने विचारलं.

"हो आई."

"बरं झालं. दादाला म्हणावं, आज जरा हिंडून फिरून ये. आठवडा झाला, पाय दुखतो म्हणतोय. मीच धाडलं त्याला तुझ्याकडे. म्हटलं, बहिणीला दाखव, तिला त्यातलं कळतं." आई दम घ्यायला थांबली. "दिलास ना शेक?"

"दिला."

"मग राहील आता दुखायचं."

ताईला रडू आलं, पण आवाज होऊ दिला नाही तिने. तासाभराने तिने उठायला पाहिलं. आईची पकड घट्ट झाली आणि तोंड रडवेलं झालं. ताई परत खाली बसली. रक्त साकळू नये म्हणून पेशंटना सांगायची तसे चपलेतले पाय टाचेवर टेकवून वर खाली, वर खाली हलवत राहिली.