द्वारकाने धरलेला डूख

नवघरची द्वारका ब्लाउज शिवते. तिची पाठ एका अंगाला वाकलेली, उजवा खांदा वर चढलेला. वयात येताना हे व्यंग दिसू लागलं, तेव्हा तिच्या चुलतीने, शेवंतीकाकीने, गावभर केलं की हिच्या आईने पोटुशी असताना ग्रहणात काहीतरी कापलं, त्याचंच हे फळ. झालं. त्यानंतर आईला ना कुणी डोहाळजेवणाला बोलावलं, ना नव्या सुनेची ओटी भरू दिली. पाठीचं दुःख द्वारकाने कधीच गिळून टाकलं होतं, पण आईची मान खाली गेली ती गेलीच, ते काही तिच्या घशाखाली उतरेना. तिने काकीवर डूख धरला आणि पोटच्या पोरासारखा जपला.

यंदा काकीची नात समीक्षा घरातल्या लग्नासाठी ब्लाउजचं माप द्यायला आली. पोर तेरा वर्षांची. टेप लावताना द्वारकाचा हात थांबला. तिने पोरीला वाकायला लावलं, तर पाठीची एक बाजू वर उचललेली. खोटं कशाला बोला, आधी द्वारकाला आनंदच झाला. नुसती गप्प बसली असती तरी सूड उगवला असता. पण पोरीने काय घोडं मारलं होतं? शिवाय गप्प राहून घेतलेला सूड काकीला कळणार तरी कसा? ती आजी-नातीला घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी एक्स-रे लावून समजावलं. "कुणाचे मणके जन्मतःच नीट घडलेले नसतात. कुणाला नसांचा, स्नायूंचा आजार असतो. पण बहुतेकांचं कारण सापडतच नाही. मग कितव्या वर्षी दिसलं, त्यावरून प्रकार ठरवतात. हिचा वयात येतानाचा. दहा अंशांच्या वर बाक गेला की स्कोलिओसिस म्हणायचं. हिचा अठ्ठावीस आहे. उंची वाढतेय तोवर पट्टा लावू, म्हणजे बाक वाढायचा थांबेल."

"आणि ग्रहणाचं काय, डॉक्टर?" द्वारकाने मुद्दाम विचारलं.

"ग्रहणाचा काही संबंध नाही. आईचा तर नाहीच."

"ऐकलंस ना काकी? की ग्रहण तेरा वर्षं पोटात दडून बसलं होतं? आता हेच माझ्या आईसमोर बोलायचं. नाहीतर तुझ्या सुनेने काय कापलं, ते मी गावभर करते."

काकीचा चेहरा उतरला. संध्याकाळी ती आली, तेव्हा द्वारकाने आळीतल्या बायकांना चहाला बोलावूनच ठेवलं होतं. इतकी वर्षं वाट बघितली होती, मग उट्टं काय एकटीने काढायचं?

"जाऊबाय, माझं चुकलं," काकी सगळ्यांदेखत म्हणाली. "तुमचा काय दोष न्हाय."

द्वारकाच्या म्हाताऱ्या आईने मान वर केली. द्वारका टक लावून बघत होती.

"न्हाय गं शेवंते, तुझंच खरं हाय," आई म्हणाली. "मी त्या दिशी बोंबील कापला व्हता. लय भूक लागली व्हती."

द्वारकाने डॉक्टरांचं सगळं पुन्हा सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि लेकीच्या वाकड्या पाठीवरून हात फिरवत तिची माफी मागितली. बायका उठून गेल्या. आता चिडायचं कुणावर, ते द्वारकाला कळेना.