कमळचे चिकटलेले पाय

गिरणी सुरू झाली की आमची कमळ झोपायची. धसईच्या भाताच्या गिरणीत तिने तीस वर्षं पोती ओतली. दुपारी भाकर खाऊन भिंतीला टेकली की त्या खडखडाटात घोरायला लागायची, आणि पट्टा थांबला की डोळे उघडायची. मी हसलो की म्हणायची, "माझी झोप विजेवर हाय. तुमची फुकट." मी चौथी शिकलेला, माझी बायको तेवढीही नाही. पण तोंडाने माझ्या वरचढ.

साठी ओलांडली आणि तिचे पाय जमिनीला चिकटायला लागले. पाऊल उचलायचंच नाही, चिखलात रुतल्यासारखं. मग लुगडं ओलं व्हायला लागलं. चूल पेटवायची विसरायला लागली. एकदा मलाच म्हणाली, "कोण रे तू?" गाव म्हणालं, बाधा. मीही गाढव, भगताला कोंबडा दिला. सहा महिने त्यात घालवले.

शेवटी शहापूरला नेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला चार पावलं चालायला लावलं आणि सरळ सांगितलं, "बाबा, मेंदू वयाने सुकत चालला असेल तर माझ्याकडे इलाज नाही. मेंदूत पाणी साचलं असेल तर नळीने काढता येतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. आतला फोटो काढल्याशिवाय कळायचं नाही."

ठाण्याला एमआरआयच्या त्या बोगद्यात शिरताच कमळ पाय झाडायला लागली. मशीनवरच्या मुलीने तिला दोनदा बाहेर काढलं.

"बाबा, आजी स्थिर झाल्याशिवाय मी सुरू करणार नाही. फोटो हलतो."

"तू सुरू कर. मग ती थांबंल."

"उलटं असतं हो. आवाजाने माणसं जास्त घाबरतात."

"ती माणसं गिरणीतली नसतील. कर सुरू, पोरी!"

तिने वैतागून सुरू केलं. ठकठक, घरघर. मी काचेला नाक लावून उभा. पाय हळूहळू थांबले. थोड्या वेळाने मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. "बाबा, आजी झोपल्या!" मशीन थांबलं तसा आतून आवाज आला, "झालं काय? कोणाचं भात व्हतं गो?"

पाणीच निघालं! मेंदूच्या आतल्या पोकळ्या पाण्याने फुगल्या होत्या. कण्यातून थोडं पाणी काढून बघितलं, तर त्याच दिवशी पाऊल जरा उचललं. मग ऑपरेशन करून डोक्यातून पोटापर्यंत कातडीखालून बारीक नळी घातली. काही दिवसांनी कमळ उभी राहिली. मी हात दिला, तर ढकलला. "सरका. मधी मधी काय करता?" मी तिथेच नाचलो. नर्स हसली. हसू दे.

गावात उतरल्यावर ती घरी गेली नाही. सरळ भगताच्या अंगणात. "माझा कोंबडा दे."

"खाल्ला गो कमळे. आता कुठून देऊ?"

"मग शब्द दे. पाय चिकटलेला माणूस आला की आधी शहापूरला धाड. मग काय कापायचं ते काप."

भगताने मान खाली घातली. "बरं गो."

डॉक्टरीणबाई म्हातारपणी मेंदू कसा बदलतो त्याचा अभ्यास करतात. कमळचे आधीचे आणि नंतरचे फोटो शिकवायला ठेवू का, म्हणून त्यांनी विचारलं. कमळ म्हणाली, "ठेवा. पण खाली लिवा, ही बाई आता भात लावायला जाते."

पाच पावसाळे तिने भात लावलं. यंदा छातीत कळ आली आणि अर्ध्या तासात गेली. आता चूल मीच पेटवतो. भात रोज करपतो.

तिच्या दहाव्याला भगत आला. म्हणाला, "दादा, सिद्धगडाखालची एक म्हातारी तशीच पाय घासत आलेली. मी हात लावला नाय. शहापूरला धाडली. काल ऑपरेशन करून परत आली."

"कशी आली?"

"चालत, दादा. लेक मागं राह्यला, ती पुढं."