तुळजाबाईच्या पडवीतला फोन

तुळजाबाई सरपंच झाली ती बायकांच्या राखीव जागेमुळे, आणि गाजली ती तिच्या चिवटपणामुळे. माझे गुडघे गेले तेही तिच्यामुळेच. नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी टेलिफोन खात्यात मेकॅनिक होतो. पोलादपूरच्या वरच्या डोंगरातली तिची शेंडेवाडी माझ्याच वाट्याची. एसटी निम्म्या वाटेत सोडून देई, पुढे चढण. हत्यारांची पिशवी खांद्यावर घेऊन मी ती किती वेळा चढलो आणि किती वेळा सरकारला शिव्या दिल्या, ते देवालाच ठाऊक.

फोन तिनेच मागून घेतला होता. तिचा दीर मुंबईत वारला, तेव्हा निरोप एसटीच्या कंडक्टरकडून पोलादपूरला आला आणि तिथून कुणाच्या तरी पायांनी वर आला. घरचे मुंबईला पोचेपर्यंत सगळं उरकून गेलं होतं. सरपंच झाल्यावर तिने आमच्या साहेबांच्या कचेरीत इतके हेलपाटे घातले की शिपाई तिला न विचारताच चहा सांगायचा. तिचं म्हणणं एकच, वाडीतल्या माणसाला आपल्या माणसाचं शेवटचं तोंड दिसलं पाहिजे. शेवटी साहेब कंटाळले. तिच्या अंगणात खांब उभा राहिला, खांबावर उन्हावर चालणारी पाटी बसली आणि पडवीत काळा फोन आला.

पहिले काही महिने कौतुकाचे गेले. मुंबईहून, महाडच्या एमआयडीसीतून फोन यायचे आणि तुळजाबाई ज्याचा त्याचा निरोप घरोघर पोचवायची. पण आमच्याकडे माणूस गेल्याचं कुणी सरळ सांगत नाही. ‘तब्येत जास्त आहे, निघा’ असं म्हणायचं. घरच्यांनी वाटेत कोसळू नये, धड पोचावं, एवढाच त्यातला हेतू. तुळजाबाईही तसंच सांगे. कुणी खोदून विचारलं तर देवीची शपथ घेऊन सांगे, जिवंत आहे म्हणून. फोन नव्हता तेव्हा हे खोटं दहा तोंडांत वाटलं जायचं. आता ते सगळं तिच्या एकटीच्या तोंडी आलं. ती वाटेने येताना दिसली की बायका हातातलं काम सोडून उभ्या राहत आणि ती पुढच्या दाराशी गेली की सुटल्यासारख्या आत जात.

मग भागोजीचं प्रकरण झालं. भागोजी एमआयडीसीत कामाला होता. पाळी संपवून येताना मोटारसायकलवरून घसरला आणि त्याचा पाय मोडला. फोन आला तेव्हा मी पडवीतच बॅटरी बदलत होतो. पाय मोडलाय, महाडच्या दवाखान्यात ठेवलाय, बायकोला पाठवा, एवढाच निरोप. तुळजाबाईनं त्याच्या बायकोला, सोनाबाईला, तो जसाच्या तसा सांगितला. सोनाबाईनं तिच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि उंबऱ्यावर हात आपटून घेतले. बांगड्या फुटल्या. तुळजाबाई देवीची शपथ घेत होती आणि ती जितकी शपथ घेई तितका रडण्याचा आवाज वाढत होता.

खालून जीप बोलावली. पुरुष मयतीला निघाल्यासारखे खांद्यावर पंचे टाकून बसले, तुळजाबाईही चढली, मलाही कोपऱ्यात घेतलं. महाडला पोचलो तर भागोजी पाय वर बांधून चहात पाव बुडवून खात होता. बायकोचे रिकामे हात, पुसलेलं कपाळ आणि मागे पंचेवाले बघून त्याचा पाव बशीतच राहिला.

“कोण गेला रे?” त्याने विचारलं.

मी हसलो, खोटं कशाला बोलू. सगळेच हसले, एक तुळजाबाई सोडून. 

पुढच्या ग्रामसभेत तिने ठरावच मांडला. फोनवर येईल ते मी जसंच्या तसं सांगणार. आजारी तर आजारी, मेला तर मेला. म्हाताऱ्यांना ते अभद्र वाटलं, पण भागोजीची जीप सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. ठराव झाला आणि गंमत म्हणजे चालला. ताप म्हटलं की लोक ताप समजून निघू लागले. आमच्या साहेबांनी हे वरच्या मीटिंगमध्ये मोठ्या ऐटीत सांगितलं, जणू अक्कल त्यांचीच. मला वाटलं, बाई सुटली एकदाची.

पावसाळा सरता सरता हैबतीचा फोन आला, म्हणजे हैबती गेल्याचा. ठकूबाईचा एकुलता एक, मुंबईत गोदामात कामाला. तेव्हाही मी तिथेच होतो. पाण्याने तार गेली होती, ती नुकतीच जोडली होती. जोडली नसती तर बरं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं. तुळजाबाई बराच वेळ हातातला फोन खाली ठेवीना. मी म्हटलं, बाई, आजच्या दिवस आजारी म्हणा. ती म्हणाली, एकदा खोटं बोलले की मग कुणी कवाच इश्वास ठेवणार नाय.

म्हातारी ठकूबाई आपल्या अंगणात नाचणी पाखडत होती. तुळजाबाई तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, “ठकूबाय, हैबती गेला गो.”

ठकूबाईनं सूप खाली ठेवलं. ती ओरडली नाही, हातसुद्धा आपटले नाहीत. तिने विश्वास ठेवला. मग ती म्हणाली, “बये, पोलादपूरपातुर तरी त्याला जिता ठेवायचा व्हतास.”

 तुळजाबाईनं म्हातारीला उठवलं, डोक्यावर पदर दिला आणि तिचा हात धरून ती उतरायला लागली. मी पिशवी घेऊन मागून निघालो. म्हातारी दर वळणावर बसत होती आणि पोलादपूर अजून खूप लांब होतं.